आधी यंत्र, मग वर्गणी

कर्नाटकातल्या भालकी, बीदर आणि कलबुर्गी या तिन्ही गावांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. कलबुर्गीचे तर १९५८ सालचे. इथे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुले पदवी हातात पडली की पुणे, हैदराबाद नाहीतर बेंगळुरूची गाडी पकडतात. त्यातले कोणी गावातच राहून एखादी वस्तू बनवायची म्हटले, तर डोके कमी पडत नाही, भांडवल कमी पडते.

समजा, अशाच दोघा मित्रांनी हातात धरून खेळायचे छोटे यंत्र बनवले. अडीच इंची पडदा, डाव्या अंगठ्याखाली चार दिशांची कळ, उजव्याखाली दोन बटणे. आत पटसोंगट्या, चौकाबारा, सापशिडी आणि जोडीला स्वतः लिहिलेले दहाएक खेळ. सूचना मराठी, कन्नड आणि उर्दूत. औराद-भालकीकडच्या कित्येक घरांत मराठी बोलतात, शाळेत कन्नड असते आणि बाजारात दखनी चालते. तेव्हा तीन लिप्यांचे यंत्र इथल्या मुलांना परके वाटायचे कारण नाही. पण बँक तारण मागते, नातेवाईक म्हणतात, ‘फोनवर खेळ असतातच की,’ आणि मित्रमंडळी सल्ला देतात, ‘क्राउडफंडिंग कर. पाचशे जणांनी आधीच पैसे भरले की झाले काम.’

हा सल्ला कधी तारतो आणि कधी बुडवतो, हे २००८ पासून जगभरच्या अशा यंत्रांनी पुरेसे दाखवून दिले आहे. सार इतकेच: यंत्र जमेल की नाही हे शोधण्यासाठी लोकांचे पैसे मागू नयेत, जमलेल्या यंत्राच्या जास्त प्रती काढण्यासाठी मागावेत. असे का, ते पुढे हिशेबानिशी पाहू.

वर्गणी आणि आगाऊ खरेदी

वर्गणी आपल्याला नवी नाही. हरिनाम सप्ताहाला घरटी धान्य आणि रोख रक्कम दिली जाते. काल्याचे कीर्तन झाले, पंगत उठली की व्यवहार संपतो. ही देणगी. उद्योगासाठीही अशी देणगी गोळा झालेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते, आणि तिथे तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेले. एक पैसा देणाऱ्याला बदल्यात कंदिलाची काच हवी नव्हती. उद्योग शिकायला वेळ लागला तरी तो दारात येऊन उभा राहणार नव्हता.

दुसरा प्रकार मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे: प्रकाशनपूर्व सवलत. मोठा ग्रंथ निघायच्या आधी ग्राहक पैसे भरतात, त्यांना पुस्तक कमी किमतीत मिळते, आणि कागद-छपाईची रक्कम प्रकाशकाच्या हाती वेळेत येते. इथे देणाऱ्याने वस्तू विकत घेतलेली असते, फक्त ती अजून त्याच्या हातात नसते.

तिसरा प्रकार भागीदारीचा, म्हणजे पैसे देऊन कंपनीतला हिस्सा घ्यायचा. आपल्याकडे याला मोठी आडकाठी आहे. सेबीने जून २०१४ मध्ये क्राउडफंडिंगवर चर्चापत्र काढले, पण संकेतस्थळावरून सर्वसामान्यांना समभाग विकण्याची वाट त्यातून मोकळी झाली नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ खाली खासगी रीतीने समभाग द्यायचे तर एका आर्थिक वर्षात दोनशे जणांची मर्यादा येते. तेव्हा ‘प्रत्येकी पाच हजार भरा आणि कंपनीचे मालक व्हा’ हे आवाहन समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे विकतचे दुखणे.

हातातल्या खेळयंत्रासाठी जी वर्गणी मागितली जाते ती बोलायला पहिल्या प्रकारची असते, वागायला दुसऱ्या. मागणारा म्हणतो, ‘आमच्या स्वप्नाला साथ द्या.’ देणारा मात्र मनात म्हणतो, ‘दिवाळीपर्यंत यंत्र घरी येईल.’ पुढची बहुतेक भांडणे याच फरकातून उगवतात.

दुसऱ्या प्रतीचा खर्च

कन्नड चित्रपटसृष्टीने वर्गणीचा एक ठळक प्रयोग केला आहे. पवन कुमार यांच्या ‘लुसिया’ला निर्माता मिळेना, तेव्हा त्यांनी थेट प्रेक्षकांना हाक दिली. शंभरावर लोकांनी मिळून पन्नास लाखांच्या घरात रक्कम उभी केली आणि २०१३ मध्ये चित्रपट पडद्यावर आला. हे पाहून यंत्र बनवणाऱ्याला हुरूप येतो. पण चित्रपट एकदा पुरा झाला की दुसऱ्या प्रेक्षकासाठी वेगळा खर्च नाही. यंत्राचे तसे नसते. पहिल्या ग्राहकाचे यंत्र बनले तरी दुसऱ्याचे वेगळे बनवावे लागते, आणि त्यात चूक व्हायला पुन्हा तितकीच जागा असते.

यंत्राची दुसरी अडचण म्हणजे आधीच गुंतणारा खर्च. बीदरच्या बिदरी कारागिराशी तुलना केली तर ती लवकर उमगते. जस्त आणि तांब्याचा मिश्रधातू मातीच्या साच्यात ओततात, वस्तू थंड झाली की साचा मोडतात, मग नक्षी कोरून चांदी ठोकून बसवतात आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागराच्या गरम मिश्रणात बुडवून धातू काळा करतात. दर वस्तूला नवा साचा. त्यामुळे पहिल्या फुलदाणीला जेवढा खर्च तेवढाच शंभराव्या फुलदाणीला, आणि गिऱ्हाईक एकच आले तरी कारागीर बुडत नाही. प्लास्टिकच्या कवचाचे गणित नेमके उलटे आहे. इंजेक्शन मोल्डिंगचा पोलादी साचा एकदा केला की हजारो कवचे निघतात, पण पहिले कवच निघायच्या आधीच काही लाख रुपये त्या पोलादात गेलेले असतात.

तेवढ्यावर भागत नाही. दोघा मित्रांचा नमुना थ्रीडी प्रिंटरवर काढलेला असतो. थरावर थर चढवलेले ते कवच खरखरीत असते, पण मापाला ठीक असते आणि बटणे छान दबतात. साच्यातले एबीएस प्लास्टिक मात्र थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसते. कवच १२० मिलिमीटर लांबीचे असेल तर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. साचेवाला हा फरक धरूनच साचा कोरतो, पण भिंतीची जाडी एका ठिकाणी दोन मिलिमीटर आणि दुसऱ्या ठिकाणी चार असेल तर दोन्ही भाग वेगवेगळ्या वेगाने थंड होतात. जाड भागावर खळगा पडतो, पातळ भाग वाकतो, दोन अर्धुके एकमेकांवर बसत नाहीत आणि बटण दाबले की भोकातच अडकून राहते. साचेवाले पहिल्या चाचणीच्या मालाला टी-वन म्हणतात आणि तो बरोबर निघेल अशी त्यांची स्वतःचीही अपेक्षा नसते. मग टी-टू, टी-थ्री. दर खेपेला पोलाद घासायचे किंवा भरायचे, म्हणजे आणखी काही आठवडे. नमुना चालतो म्हणून माल चालेल, असे समजणाऱ्याचे वेळापत्रक पहिल्यांदा इथेच कोसळते.

कागदावरचा हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे हिशेबापुरते गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापली कोटेशने घेऊन ते बदलावेत.

साच्यांना ५ लाख, चाचण्या आणि प्रमाणपत्रांना २ लाख, नमुन्यांना १ लाख. हा ८ लाखांचा ठोक खर्च यंत्र एक बनो की हजार, लागणारच. दर यंत्रामागे सुटे भाग ३,६००, जोडणी आणि तपासणी ४००, खोका आणि कुरियर ३००, बिघडून परत येणाऱ्या मालासाठी ३०० बाजूला. एकूण ४,६००. वर्गणीचे संकेतस्थळ आणि पेमेंट गेटवे मिळून ८ टक्के कापतात असे धरू.

पाचशे यंत्रे करायची तर ठोक खर्चाचा वाटा दर यंत्राला १,६०० येतो. किंमत ६,२००, कापली जाणारी टक्केवारी धरून सुमारे ६,७४०. दोनशेच केली तर तीच किंमत ९,३५० च्या आसपास जाते आणि दोन हजार केली तर ५,४३५ पर्यंत उतरते. यात जीएसटी नाही, आणि दोघांचा वर्षभराचा पगारही नाही.

खरा सापळा पुढे आहे. आवाहनात लक्ष्य मोठे दिसले तर लोक बिचकतील, या भीतीने दोघे ठरवतात की ‘८ लाख जमले की काम सुरू’. किंमत ६,७४० ठेवतात. १३० जण पैसे भरतात, ८ लाख ७६ हजार जमतात, लक्ष्य पार, पेढे वाटले जातात. टक्केवारी जाऊन हातात ८ लाख ६ हजार उरतात. खर्च मात्र ठोक ८ लाख आणि १३० यंत्रांचे ५ लाख ९८ हजार, म्हणजे जवळजवळ १४ लाख. वर्गणी यशस्वी झाली आणि दोघे पावणेसहा लाखांहून जास्त खड्ड्यात गेले. लक्ष्य गाठले नसते तर निदान पैसे परत करून मोकळे झाले असते. म्हणून लक्ष्याची रक्कम लोकांना काय बरे वाटेल यावर ठरवायची नसते. ज्या संख्येला ठरवलेल्या किमतीत यंत्र परवडते, त्या संख्येची पूर्ण रक्कम हेच लक्ष्य. इथे ते ३३ लाख ७० हजार येते. पाचशे गिऱ्हाइके मिळत नसतील तर वर्गणी फसू देणेच शहाणपणाचे. किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळाची ‘लक्ष्य पूर्ण झाले तरच पैसे’ ही पद्धत मागणाऱ्याला जाचक वाटते, पण वाचवते ती त्यालाच.

चार यंत्रांच्या चार कहाण्या

पँडोरा हे इंग्लंड-जर्मनीतल्या हौशी मंडळींनी आखलेले यंत्र. घडी होणारे, आत पूर्ण कळफलक, लिनक्सवर चालणारे. किकस्टार्टरचा जन्म एप्रिल २००९ चा. त्याआधीच, सप्टेंबर २००८ मध्ये, त्यांनी थेट आगाऊ मागणी घेतली. पहिली यंत्रे बाहेर पडायला मे २०१० उजाडला. कवचाच्या साच्याने दगा दिला, छोट्या जॉयस्टिकांनी दिला, आणि पुढे अमेरिकेत बनणाऱ्या सर्किटच्या पाट्यांत बाद होणाऱ्यांचे प्रमाण इतके वाढले की उत्पादन जर्मनीला हलवावे लागले. काही ग्राहकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. लबाडी कोणी केली नव्हती. पण साचा आणि पाट्या नीट येतात की नाही हे शोधण्याचे काम ग्राहकांच्या पैशांवर आणि ग्राहकांच्या वेळेत चालू होते.

स्पेक्ट्रम व्हेगा प्लसची गोष्ट जास्त कडवट आहे. १९८० च्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती संगणकावरचे खेळ हातात घेऊन खेळायचे, ही कल्पना. रेट्रो कॉम्प्युटर्स या कंपनीने याआधी टीव्हीला जोडायचे व्हेगा वर्गणीतूनच काढून ग्राहकांना पोचवले होते, त्यामुळे २०१६ मध्ये इंडिगोगो या वर्गणीच्या दुसऱ्या संकेतस्थळावर विश्वास बसायला वेळ लागला नाही. पाच लाख पौंडांहून जास्त जमले. मग संचालकांत भांडणे, मुदतीमागून मुदती, २०१८ मध्ये मोजक्या लोकांना मिळालेली सुमार यंत्रे, इंडिगोगोने मागे लावलेले वसुलीवाले आणि २०१९ मध्ये कंपनीचे विसर्जन. एकदा जमले म्हणून दुसऱ्यांदा जमतेच असे नाही. टीव्हीजवळच्या डब्याला ना पडदा लागतो ना बॅटरी; हातातल्या यंत्राला दोन्ही लागतात.

अर्डुबॉय उलट बाजूचे. केव्हिन बेट्स याने २०१४ मध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पाटीवर टेट्रिस चालवून दाखवले आणि त्याची चित्रफीत जगभर फिरली. २०१५ मध्ये त्याने किकस्टार्टरवर वर्गणी मागितली तेव्हा लोकांनी चालते यंत्र आधीच पाहिलेले होते. काळापांढरा पडदा, सहा बटणे, कोणालाही मिळणारा स्वस्त मायक्रोकंट्रोलर, किंमत चाळीस डॉलरच्या आत. जमले चार लाख डॉलरहून जास्त, आणि यंत्रे पोचली. त्यावरचे खेळ लोकांनीच लिहून फुकट वाटले. यंत्र जितके साधे, तितक्या मोडणाऱ्या जागा कमी.

चौथे प्लेडेट: पिवळे, चौकोनी, बाजूला फिरवायचा दांडा. पॅनिक ही अमेरिकेतली जुनी सॉफ्टवेअर कंपनी. तिने वर्गणी मागितलीच नाही. वर्षानुवर्षे पदरचे पैसे घातले, २०१९ मध्ये यंत्र दाखवले आणि जुलै २०२१ मध्ये आगाऊ मागणी उघडली. वीस हजार यंत्रे वीस मिनिटांच्या आत संपली. तरीही पहिल्या पाच हजार तयार यंत्रांच्या बॅटऱ्यांत दोष निघाला आणि ती सगळी मलेशियातल्या कारखान्यात परत गेली. चिपच्या टंचाईत मूळ प्रोसेसरसाठी दोन वर्षांची वाट सांगण्यात आली, म्हणून दुसरा प्रोसेसर घेऊन पाटी नव्याने आखावी लागली. वाटप एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाले. गाठीला पैसा असलेल्या कंपनीला उशीर परवडला. ग्राहकांच्याच पैशांवर चालणाऱ्या दोघांना त्याच धक्क्याने दुकान बंद करावे लागले असते.

ही चार उदाहरणे अपवाद नाहीत. व्हार्टन बिझनेस स्कूलच्या इथन मॉलिक यांनी किकस्टार्टरच्या प्रकल्पांवर केलेल्या अभ्यासांत दोन गोष्टी दिसल्या. यशस्वी ठरलेल्या प्रकल्पांपैकी नऊ टक्क्यांच्या आसपास प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही, आणि वस्तू देणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिकांनी उशिरा दिली. फसवणुकीची भीती सगळ्यांनाच असते. उशिराची तयारी मात्र फार थोडे करतात. किकस्टार्टरनेही २०१२ च्या सप्टेंबरात नियम कडक केले. वस्तूंच्या प्रकल्पात संगणकावर रंगवलेली चकचकीत चित्रे चालणार नाहीत; नमुना आज जे करतो तेवढेच दाखवायचे.

कर्नाटकात बनलेले हातातले यंत्र

आपल्याच राज्यात एक धडा पडून आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, व्ही. विनय आणि त्यांचे सहकारी यांनी एन्कोअर कंपनीच्या अभियंत्यांबरोबर सिम्प्युटर आखले: हातात मावणारा, भारतीय भाषांत बोलणारा स्वस्त संगणक. पिकोपेटा या कंपनीने भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने २००४ मध्ये ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आणले. किंमत ९,९५० रुपयांपासून पुढे. यंत्र कलते केले की त्याला कळायचे, आणि तिरके करून गोळी घरंगळवण्याचा खेळही त्यात होता. आयफोन यायला अजून तीन वर्षे होती. कर्नाटक सरकारने जमिनीच्या नोंदींच्या कामाला ते वापरून पाहिले. पण पन्नास हजार विकण्याचा बेत असताना चार हजारांच्या आसपासच विकले गेले.

पँडोराला मागणी होती आणि यंत्र वेळेवर बनेना. सिम्प्युटर बनले आणि गिऱ्हाईक पुरेसे मिळेना. वर्गणीचा खरा उपयोग या दुसऱ्या ठिकाणी आहे. ‘छान आहे, मी घेईन’ असे म्हणणारे शंभर भेटतात. कार्ड काढून सहा हजार भरणारे किती, हे वर्गणीच सांगते, तेही हजारो यंत्रांचा माल अंगावर पडायच्या आत. मागणी मोजायला ती उत्तम आहे. साचा दुरुस्त करायला तिचा काही उपयोग नाही.

कायदा आणि कागदपत्रे

भालकीतून वर्गणी काढायची म्हटले तर आधी व्यासपीठाचाच प्रश्न येतो. किकस्टार्टर ज्या देशांतल्या लोकांना प्रकल्प मांडू देते त्यांत भारत नाही. म्हणून कोणी न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या नावावर प्रकल्प उघडायचा विचार करतो. पण मग कराराला बांधलेला, कर भरणारा आणि वर्गणीदारांच्या शिव्या खाणारा तो मावसभाऊ असतो. घरातले संबंध पणाला लावण्याआधी त्याला हे स्पष्ट सांगितलेले बरे. आपल्याकडच्या मिलाप आणि केटोवर मुख्यतः उपचार आणि समाजकार्यासाठी मदत मागितली जाते. तिथे खेळयंत्र घेऊन जाणे म्हणजे दवाखान्याच्या रांगेत फुगे विकणे. उरतो स्वतःच्या संकेतस्थळावरून आगाऊ बुकिंग घेण्याचा मार्ग, आणि तो वाटतो तितका वाईट नाही.

आगाऊ रक्कम घेणारी कंपनी असेल तर ठेवींसंबंधीचे २०१४ चे नियम वाचून ठेवावेत. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालापोटी वळती झाली पाहिजे. नाहीतर ती ठेव समजली जाण्याचा धोका असतो, आणि ठेवी स्वीकारण्याचे नियम लहान कंपनीला पेलणारे नाहीत. पँडोराच्या वेळापत्रकाने बीदरात कंपनी चालवली असती तर पहिले यंत्र हातात यायच्या आधीच ही मुदत उलटून गेली असती.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला तेव्हाच्या पहिल्या यादीतच इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेम होते. म्हणजे विकण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी आणि भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी. आतल्या लिथियम बॅटरीचीही वेगळी नोंदणी लागते, म्हणून नोंदणी असलेलीच बॅटरी निवडलेली बरी. ब्लूटूथ किंवा वायफाय घातले की दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी आली. यंत्र विमानाने परदेशी पाठवायचे तर बॅटरीच्या यूएन ३८.३ चाचणीचा अहवाल हवा. हे सगळे वर्गणी जमल्यावर बघू, असे म्हणणारा सहा महिने आधीच हरलेला असतो. पहिल्या आवृत्तीत ब्लूटूथ नसले तर काही बिघडत नाही. एक मंजुरी वाचते आणि बॅटरीही जास्त टिकते.

शेवटी खेळांचे हक्क. चीनमधल्या अ‍ॅनबर्निक, मियू यांसारख्या कंपन्यांची छोटी यंत्रे या दोघांच्या यंत्राच्याच किमतीच्या आसपास ऑनलाइन मिळतात आणि लोक त्यांवर जुने जपानी खेळ चालवतात. त्या वाटेने जाऊन दुसऱ्यांचे खेळ आत भरून विकणे हा स्वामित्वहक्काचा सरळ भंग. आणि तसेही चिनी कारखान्याशी किमतीत टक्कर देणे भालकीला जमणारे नाही. चौकाबारा, सारीपाट यांवर कोणाची मालकी नाही; चित्रे, आवाज आणि नवे खेळ स्वतःचे असले की यंत्राला फोनपेक्षा आणि चिनी यंत्रापेक्षा वेगळे असण्याचे एक कारण मिळते. ते कारण सापडले नसेल तर वर्गणीचा विचार तिथेच थांबवावा. ‘फोनवर खेळ असतातच की’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर चित्रफितीतल्या संगीताने मिळत नाही.

मग करायचे काय?

आमच्या दोघा मित्रांपुढे तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी कवचाशिवायची: नुसती पाटी, पडदा, बटणे. सुटे भाग हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात, पाट्या बाहेरून छापून आणता येतात, सोल्डरिंग घरी. अशा वीस-पंचवीस पाट्या महाविद्यालयांत, शाळांत, ओळखीच्या मुलांच्या हाती द्यायच्या आणि काय मोडते ते पाहायचे. खर्च पदरचा किंवा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा. कर्नाटकात नवउद्योगांसाठी अशा योजना आहेत आणि बीदर-कलबुर्गीच्या कल्याण कर्नाटकासाठी वेगळी तरतूदही झालेली आहे. अनुदान किंवा बक्षीस शोधकामासाठीच असते, वर्गणीदाराचे सहा हजार तसे नसतात.

दुसरी पायरी खऱ्या साच्याच्या चाचणीची. पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा स्वस्त साचा करून शंभर-दीडशे कवचे काढता येतात. खोके भरून झाले, प्रमाणपत्राचे अर्ज गेले, बॅटरी शंभर वेळा चार्ज करून पाहिली, भालकीहून पाठवलेले यंत्र नागपूरच्या घरी न फुटता पोचले: इतके झाले की ‘जमेल का’ हा प्रश्न संपतो आणि ‘किती करायची’ एवढाच उरतो. तिसरी पायरी वर्गणीची, आणि तिची वेळ ही. तेव्हा मागितलेला पैसा पोलादी साचा आणि सुटे भाग घेण्यात जातो, आणि मुदत सांगताना अंदाज करावा लागत नाही, कारण एक लॉट हाताखालून गेलेला असतो.

पहिल्या दोन पायऱ्यांसाठी पैसे नसतील तर? तेव्हाच वर्गणीचा मोह सर्वांत जास्त असतो, आणि तेव्हाच ती मागू नये. नोकरी सांभाळून, अनुदान मिळवून, दोन वर्षे जास्त लागली तरी चालतात. पुण्याला नोकरीला गेलेला अभियंता शनिवार-रविवारी घरी बसून पाटी आखू शकतो; पाचशे अनोळखी माणसांचे पैसे अडकलेला अभियंता शनिवारी फक्त माफीची पत्रे लिहितो.

पैसे देणाऱ्यालाही हाच निकष लावता येतो. असे आवाहन समोर आले की चार गोष्टी पाहाव्यात: खऱ्या हातात खरे यंत्र चालताना दिसते का, की फक्त चित्रे आहेत, साचा झाला आहे की व्हायचा आहे, लक्ष्याच्या रकमेत सांगितलेली यंत्रे खरोखर बसतात का, आणि नोंदणीचा उल्लेख तरी आहे का. चारही उत्तरे समाधानकारक असतील तर पैसे द्यावेत आणि सांगितलेल्या मुदतीत सहा महिने मिळवून वाट पाहावी. दोनच मिळाली तर ती देणगी समजावी, आणि परत न आल्यास चालेल एवढीच रक्कम द्यावी.